घरचा केर कोणत्या पिशवीत?

वारकऱ्याच्या घरात तुळशीवृंदावन असते, देव्हारा असतो, खुंटीला टाळ असतात. आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली एक केराचा डबाही असतो. पहिल्या गोष्टींविषयी मी चाळीसहून अधिक वर्षे कीर्तनात बोललो. आज त्या शेवटच्या वस्तूविषयी लिहायचे आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, महाराजांचे वय झाले, परमार्थ सोडून कचऱ्यात शिरले. त्यांना हात जोडून एवढेच सांगतो, की मला तिथे परमार्थानेच नेले.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पुष्कळांच्या नित्य वाचनात आहे. ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी तिथे अहिंसा सांगितली आणि शौचही सांगितले. अहिंसेचे वर्णन माउलींनी फार विस्ताराने केले आहे. तसा पुरुष पाऊल कसे टाकतो, तळव्याखाली एखादा बारीक जीव दुखावू नये म्हणून किती जपतो, हे वाचताना आपलेच पाऊल थबकते. शौच सांगताना आतले आणि बाहेरचे, दोन्हीकडचे निर्मळपण सांगितले. आता पाहा. मी घर झाडले, खरकटे एका पिशवीत भरले, गाठ मारली आणि नाक्यावर ठेवून आलो. घर स्वच्छ झाले. पण थोड्या वेळाने गाय आली. तिला गाठ सोडता येत नाही. अन्नाच्या वासाने तिने पिशवीसकट गिळले. ती पिशवी पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. अशा पिशव्यांचा गोळा पोटात साठत जातो, पोट भरल्यासारखे राहते आणि गाय चारा सोडते. म्हणजे शौच साधताना अहिंसा हातची गेली. दोन्ही लक्षणे एकाच ठिकाणी सांगितली आहेत, तर दोन्ही एकत्रच साधली पाहिजेत. केराची पिशवी निवडणे ही गोष्ट मला इथून महत्त्वाची वाटू लागली.

दुसरे प्रमाण जनाबाईंचे. त्यांचे झाडलोटीचे प्रसंग आपण दळणकांडणाच्या प्रसंगांइतक्याच प्रेमाने गातो. जनी झाडते आहे आणि तिचा केर देव स्वतः गोळा करतो, पाटीत भरतो, डोक्यावर घेऊन लांब टाकून येतो. कीर्तनात हे चिंतन सुरू झाले की श्रोते देवाच्या वात्सल्यात रमतात, आणि ते योग्यच आहे. अलीकडे माझे लक्ष मात्र त्या पाटीकडे जाते. पंढरीच्या राजाने जे काम अंगावर घेतले ते हलके कसे म्हणावे? आज आपल्या दाराशी येऊन जे कोणी ती पाटी उचलते, ते कोणाचे काम करते आहे? पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. गावाची मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्या समाजावर गावाने लादले, त्या समाजातला हा संत. दर्शनाला जाताना आपण तिथे वाकतो. मग दारात केर न्यायला आलेल्या माणसासमोर आपली मान ताठ का राहावी?

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात. सावता महाराजांचे अरण तिथून फार लांब नाही. माझ्या लहानपणी केराला पिशवी नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. चुलीच्या राखेने भांडी घासली जात. भाकरीचा तुकडा, भाजीची देठे गोठ्यात जात. फाटक्या लुगड्यांची गोधडी होई. गोरोबाकाकांच्या परंपरेतल्या कुंभाराने घडवलेले मडके फुटले, तर खापऱ्या मातीतच पडत आणि माती होत. उरलेले सगळे उकिरड्यावर. वर्षभर शेण, केर, पालापाचोळा कुजत राही आणि मृगाच्या आधी गाड्या भरून शेतात पडे. घराने जे जमिनीकडून घेतले ते जमिनीला परत जाई. हे सांगतो ते जुने दिवस सोन्याचे होते म्हणून नव्हे. उकिरड्यावर माश्याही होत्या आणि पावसाळ्यात घाणही होती. पण केर 'टाकला' असे तेव्हा कोणी म्हणत असले, तरी तो जात कुठे हे लहान पोरालाही माहीत होते.

आता मी मुलाकडे पुण्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. इथे गोठा नाही, उकिरडा नाही. म्हणून डब्याला पिशवी आली. तीही गुंडाळीतून फाडून काढायची, काळी, आतले काही न दिसणारी. पर्यावरणाची चर्चा घरात सुरू झाली तेव्हा मुलाने दुकानातून तीन प्रकारच्या पिशव्या आणल्या. एक ती काळीच. दुसरी हिरवी, पानाचे चित्र असलेली. तिसरी फिकट पोपटी, हाताला मऊ, आणि किंमत काळीच्या दुपटी-तिपटीने जास्त. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही शब्दांचे अर्थ लावता ना? मग लावा यावरच्या शब्दांचे."

हे काम माझ्या आवडीचे. नातवाला भिंग घेऊन बसवले आणि एकेक शब्द सोडवला. ते इथे सांगतो, कारण पुष्कळांचा घोटाळा शब्दांतच होतो.

एक शब्द 'बायोडिग्रेडेबल', म्हणजे जीवजंतूंनी विघटन होणारे. ऐकायला गोड, पण किती दिवसांत, कुठे आणि कशात, हे त्या शब्दात येत नाही. दुसरा शब्द 'ऑक्सो'. या पिशवीत साध्या प्लास्टिकमध्ये एक द्रव्य मिसळलेले असते. ऊन आणि हवेने ती ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडतात. दिसायला पिशवी नाहीशी होते, पण प्लास्टिकचे बारीक कण मातीत आणि पाण्यात राहतात. तिसरा शब्द 'कंपोस्टेबल'. ही पिशवी मक्यासारख्या पिकांच्या पिठूळ अंशापासून आणि कुजू शकणाऱ्या इतर द्रव्यांपासून करतात. तिच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १७०८८. त्या कसोटीप्रमाणे खत प्रकल्पातल्या सुमारे ५८ अंशांच्या उष्णतेत ती १२ आठवड्यांत तुटून जावी लागते, आणि १८० दिवसांत तिचा किमान ९० टक्के भाग जंतूंनी खाऊन संपवावा लागतो. अशी पिशवी विकायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हाही घनकचरा हाताळण्यासाठीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना त्यातून वगळले होते.

नातवाने हिरव्या पिशवीचे वेष्टन उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "आबा, पान आहे, झाड आहे, पृथ्वी पण आहे. नंबरच नाही!" मला हसू आले. तुकोबांनी वेषधाऱ्यांची जी झडती घेतली आहे ती आठवली. टिळा मोठा, माळा जाड, म्हणून कोणी साधू होत नाही. आचरण पाहावे. पिशवीचे आचरण म्हणजे तिच्यावरचा मानक क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि 'कंपोस्टेबल' हा स्पष्ट शब्द. हिरवा रंग हा नुसता वेष.

तरी कागदावरच्या प्रमाणावर न थांबता अनुभवही घ्यावा, म्हणून एक छोटा नेम केला. आषाढी एकादशीला गॅलरीतल्या खताच्या पिंपात पोपटी आणि हिरव्या पिशवीचा एकेक तुकडा पुरून ठेवला. कार्तिकीला काढला. पोपटीच्या तुकड्याच्या चिंध्या झाल्या होत्या, बोटाने दाबताच मातीत मिसळत होत्या. तरी पूर्ण गेली नव्हती, कारण घरच्या पिंपात मोठ्या प्रकल्पाची उष्णता नसते. हिरवीचा तुकडा मात्र नळाखाली धुतला तर पुन्हा वापरता आला असता. चातुर्मास त्याला लागलाच नाही.

तेव्हा कंपोस्टेबल पिशवी खरी, पण तिचीही मर्यादा आहे. ती खतात गेली तर माती होते. नाल्यात किंवा डोंगराएवढ्या कचऱ्याच्या ढिगात गेली, तर तिचे काही भले होत नाही आणि आपलेही नाही. नाम घेतले म्हणून वाटेल तसे वागायला मोकळीक मिळत नाही, तसेच हे. ती सुक्या प्लास्टिकच्या भंगारात मिसळली तर ते भंगारही बिघडवते.

पुढचे ज्ञान आमच्या दाराशी आले. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून, बाबा आढावांसारख्यांच्या खटपटीतून, हे काम उभे राहिले. त्यातल्या एक ताई रोज सकाळी आमच्याकडे येतात. मी मोठ्या उत्साहाने त्यांना पोपटी पिशवी दाखवली. त्या म्हणाल्या, "बाबा, चांगली आहे. पण ओला कचरा पिशवीत बांधूच नका, बादलीत मोकळा द्या. गाठ सोडायची ती आमच्याच हातानं. आणि शंभर पिशव्यांत तुमची कुठली, प्लास्टिकची कुठली, हे घाईत कोण बघतंय? सगळ्याच काढून फेकाव्या लागतात."

एवढ्या वाक्यात सिद्धान्त होता. उत्तम पिशवी शोधता शोधता कळले, की ओल्या केराला पिशवी नसणे हेच उत्तम. तेव्हापासून आमच्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी असते. ती ओल शोषते, आणि केरासोबत तीही कुजते. बहुतेक ओला केर गॅलरीतल्या पिंपातच जातो. त्याचे तंत्र सोपे आहे. पिंपाला हवेसाठी भोके हवीत. ओल्या केराचा एक थर, त्यावर सुक्या पानांचा किंवा भुशाचा थर. सुरुवातीला थोडे आंबट ताक आणि गुळाचे पाणी शिंपडले, की जंतू लवकर कामाला लागतात. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजावे, सुकी पाने वाढवावीत आणि काठीने वरखाली करावे. देवाचे निर्माल्यही त्यातच जाते. मात्र हाराचा दोरा, जरीचा तुकडा आणि फुलपुडीची पिशवी आधी वेगळी काढतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्या पिंपाने खरी केली आहे. त्या दिवशी केळीची साले, रताळ्याची साले, शेंगांची टरफले यांनी ते काठोकाठ भरते. महिन्या-दोन महिन्यांनी निघालेले खत तुळशीला घालतो. सुका केर, म्हणजे कागद, पुठ्ठा, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, हा एका जुन्या गोणपाटात साठतो, आणि गोणपाट रिकामे होऊन घरी परत येते. पोपटी पिशवी आता फक्त घरी भजन-प्रसाद असून पिंप भरलेले असेल तेव्हा निघते. तीही सांगून देतो, हातात देतो.

एवढ्यावर विषय संपला असता, पण आमच्या घरात अजून एक केर आहे, आणि त्याच्याविषयी मासिकात कोणी लिहीत नाही.

आमच्या मंडळींना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणे अर्धे राहिले. बावीस वर्षे ज्या बाईने डोक्यावर तुळस घेऊन आळंदी ते पंढरपूर वाट चालली, ती आता अंथरुणावर आहे. तिचे लंगोट, म्हणजे हल्लीचे डायपर, रोज चार-पाच निघतात. ते बदलण्याचे काम सूनबाई करते, दुपारी मी करतो. सेवेचा अर्थ ग्रंथात शिकलो होतो, हाताने आता शिकतो आहे.

एके सकाळी ती रडत होती. काय झाले ते कळेना. शब्द जुळवत, थांबत, तिने विचारले, "माझं हे... कोण उचलतं?" आपल्या शरीराची घाण दुसऱ्या बाईच्या हाताला लागत असेल, हे तिच्या मनाला खात होते. आयुष्यभर जिने पाहुण्याचे ताटही दुसऱ्याला उचलू दिले नाही, तिला हे दुःख दुखण्याहून मोठे होते. तिला 'चिंता करू नकोस, नाम घे' एवढेच सांगून मी गप्प बसू शकत नव्हतो. प्रश्न खरा होता आणि त्याला खरे उत्तर हवे होते.

पहिल्यांदा वाटले, इथे महागडी कंपोस्टेबल पिशवी वापरावी. पण विचार केला तर इथे तिचा काही उपयोग नाही. डायपरमध्येच प्लास्टिक असते. ते खतात जात नाही, म्हणून त्याच्या पिशवीने माती होऊन काय साधणार? शेवटी ताईंनाच विचारले. संकोच मलाच वाटत होता, त्यांना नाही. त्यांनी दारातच वर्तमानपत्र मागून घडी घालून दाखवली. डायपर आत दुमडायचे, घट्ट गुंडाळायचे, वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा आणि बाकी केरात न मिसळता वेगळे हातात द्यायचे. लाल ठिपका दिसला की ते उघडायचे नाही, हे त्यांच्यातल्या सगळ्यांना माहीत असते. त्यासाठी त्यांच्या संस्थेने मोहीमच केली आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही असा केर नीट गुंडाळून द्यायला सांगितले होते. गळण्याची भीती असेल तेव्हा आम्ही पिठाची रिकामी पिशवी वर घालतो. नवी पिशवी त्यासाठी विकत आणत नाही.

मी हे मंडळींना समजावून सांगितले. तिने डाव्या हाताने लाल पेन मागितला. आता वर्तमानपत्राच्या घड्या सकाळी तिच्यापुढे ठेवतो आणि ठिपके ती काढते. वाकडे येतात, पण मोठे येतात. त्या बाईच्या हाताची काळजी घेण्याचे एवढे काम तिच्याकडे आहे, आणि ते ती चुकवत नाही. गेल्या माघीला पंढरपूरहून आलेला बुक्का आणि तुळशीमाळ तिने सूनबाईकरवी ताईंना दिली. ताई आत येऊन तिच्या पायाला लागल्या, आणि हिने डावा हात पुढे करून त्यांच्या पावलाला लावला. वारीत आपण हेच करतो. कोणी कोणाच्या पाया पडायचे हा हिशोब तिथे नसतो.

आता दिंडीतल्या माउलींसाठी थोडे. वारीच्या वाटेवर पिशवीचा प्रश्न घरापेक्षा मोठा आहे, कारण आपला केर दुसऱ्याच्या गावात राहतो. पालखी पुढे जाते आणि मागे शेतात पावसाचे फाटके प्लास्टिकचे कागद, पाण्याच्या पिशव्या, प्रसादाच्या पुड्या उरतात. बैल त्याच रानात चरायचे असतात. काही गोष्टी प्रत्येक दिंडीला जमण्यासारख्या आहेत. जेवणाला पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात. त्या ज्याच्या रानात मुक्काम, त्याला विचारून खड्ड्यात घातल्या तर खतच होते. सामानाच्या गाडीला दोन गोणपाटे बांधावीत, एक प्लास्टिकसाठी, एक इतर सुक्या केरासाठी, आणि ती मोठ्या गावात कचरा घेणाऱ्यांच्या हवाली करावीत. पावसाचा कागद फाटला तरी रानात सोडू नये, घडी करून गोणपाटात घालावा. अन्नदान करणाऱ्यांनी लाडू-चिवडा पिशवीत बांधून देण्याऐवजी हातावर, पानावर किंवा वारकऱ्याच्या स्वतःच्या भांड्यात द्यावा. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी शिकलो. तेव्हा आम्ही खांद्याला झोळी लावून मधुकरी मागत असू. झोळी रोज धुवायची, दोरीवर वाळवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा खांद्याला. तीच झोळी कापडी पिशवी म्हणून आजही वारीत चालेल.

गाडगेबाबा १८७६ साली जन्मले आणि १९५६ साली गेले. मधल्या आयुष्यात ते गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाला माणसे का लोटत, हे आम्हा कीर्तनकारांना नीट ठाऊक आहे. श्रोत्यांनी सकाळी त्यांचा खराटा पाहिलेला असे. माझा गळा आता कीर्तनाला साथ देत नाही, गुडघे उभे राहू देत नाहीत. पण वर्तमानपत्राची घडी घालायला गळा लागत नाही आणि गुडघेही लागत नाहीत.

पुढच्या एकादशीला आपापल्या घरचा डबा एकदा उघडून पाहावा. ओले काय, सुके काय, कोणाच्या हाताला लागू नये असे काय, हे वेगळे करावे. पिशवी कोणती आणावी, आणि मुळात आणावी की नाही, हे मग तो डबाच सांगेल.

रामकृष्ण हरी.